खुटबावच्या बांधावरची अंडी

खुटबाव, कासुर्डी, यवत या पट्ट्यात मला माझ्या नावानं कुणी ओळखत नसे. ‘टोळवाली बाई’ म्हणत. मी शिरूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते हे लोकांनी ऐकलेलं असायचं, पण डोळ्यांना दिसायचं ते वेगळंच. सुती साडीतली एक बाई एसटीतून उतरते, पिशवीतून खुरपं काढते आणि दुसऱ्याच्या बांधावर उकिडवी बसून माती उकरते. मी गुप्तधन शोधते अशीही एक बोलवा होती. एका म्हाताऱ्यानं तर सरळच विचारलं, “घावलं तर निम्मं देशील का, पोरी?” मी खुरप्याच्या टोकावर जे घावलं होतं ते त्याच्यापुढं धरलं. त्यानं हात झटकन मागं घेतला.

घावायची ती नाकतोड्याची अंडी. नाकतोड्याची मादी दिवाळीच्या सुमाराला पोटाचं टोक बांधाच्या मातीत खुपसते आणि अंड्यांचा पुंजका घालते. त्याभोवती फेस वाळून कवच तयार होतं, भुईमुगाच्या शेंगेसारखं. आत पिवळसर अंडी तांदळाच्या दाण्यांसारखी एकाला एक चिकटून उभी असतात. पुढचा पाऊस येईपर्यंत ती तशीच पडून राहतात. मी ती हिवाळ्यात उकरून ओल्या वाळूच्या डब्यात घालायची, डबा मांडीवर घेऊन एसटीनं शिरूर गाठायची आणि प्रयोगशाळेत उबेला ठेवायची. मग गर्भ वाढू लागे.

आमचे विभागप्रमुख म्हणायचे, “पीक खाणारा किडा आहे. तो मारायचा कसा ते शोधा. त्याचा मेंदू कसा बनतो हे कळून कुणाचं पोट भरणार?” ते काही वाईट गृहस्थ नव्हते. त्या दिवसांत हा प्रश्न कुणीही विचारला असता.

मी काय बघत होते ते सोपं करून सांगते. अंडं वाढायला लागलं की आत एक पांढरा, सुईच्या अणीएवढा गर्भ दिसतो. त्याच्या पोटाकडच्या कातडीतल्या काही पेशी फुगून मोठ्या होतात. या पुढं होणाऱ्या मज्जासंस्थेच्या माता. साधी पेशी विभागते ती निम्मी-निम्मी, भाकरी मोडावी तशी. ही मोठी पेशी तशी विभागत नाही. तिचा एक तुकडा जवळजवळ पहिल्याएवढाच मोठा राहतो आणि दुसरा अगदी लहान पडतो. मोठी पुन्हा आई होऊन बसते आणि पुन्हा तशीच विभागते. लहान पेशी आतल्या बाजूला एकीमागं एक ढकलल्या जातात, एकेक लहान पेशी आणखी एकदाच दुभंगते आणि त्या दोन्हींच्या मज्जापेशी होतात. मज्जापेशी झाल्यावर विभागणं संपलं, कायमचं.

दोघींना आनुवंशिक ऐवज सारखाच मिळालेला असतो. मग एक आई का राहते आणि दुसरी मज्जापेशी का होते? हे त्यांना शेजारच्या पेशी सांगतात, की विभागण्याआधीच आईच्या पोटातलं काहीतरी एका बाजूला गोळा होऊन सगळंच्या सगळं त्या लहानीच्या वाट्याला जातं? माझा प्रश्न एवढाच होता. शेजार काढून टाकला, पेशी एकटीच मिठाच्या पाण्याच्या थेंबात लोंबती ठेवली आणि तरीही ती वाकडीच विभागली, तर शेजाऱ्यांचा हात नाही असं म्हणता आलं असतं. ते थेंबाचं तंत्र जमवण्यातच माझी वर्षं गेली. शिरूरच्या उन्हात थेंब वाळायचा, वीज जायची, दिव्याऐवजी आरसा फिरवून खिडकीतला उजेड घ्यावा लागायचा.

आम्ही दौंडचे. वडील रेल्वेत लोको शेडला होते, बौद्ध वस्तीत आमचं घर. सुटीला घरी आले की तिथूनच मी खुटबावला जायची. तिथं आप्पांचं शेत होतं. आप्पा गावातलं मोठं कुळ, सोसायटीत वजन. पहिल्या दिवशीच ते म्हणाले होते, “बांध उकरा बाई, पर उकरल्यावर पुन्ना थापून ठिवा.” त्यांच्या बायकोनं, गोदाबाईंनी, माझं आडनाव विचारून घेतलं. तेव्हापासून त्या घरी मला पाणी मिळायचं ते वरून ओंजळीत. त्यांची सून शालन मात्र सासू नजरेआड असली की तांब्या सरळ माझ्या हातात द्यायची.

शालन कासुर्डीची. सातवीपर्यंत शिकलेली, बोलायला धीट. नवरा दिनकर हंगामात पाटसच्या कारखान्यावर कामाला असे. बांधावर मी दिसले की ती काही ना काही निमित्त काढून यायची आणि प्रश्न विचारायची. कॉलेजातली मुलं परीक्षेला येईल तेवढंच विचारत. हिला सगळंच हवं असायचं.

मग दुष्काळ पडला. पावसानं तोंड दाखवलं नाही आणि शिवारात नाकतोडाही उरला नाही. मी गावोगावचे बांध उकरत फिरले, वाळून खडा झालेले जुने पुंजके तेवढे मिळाले. माणसांना खायला नाही आणि मी नाकतोड्यासाठी हळहळतेय, याची लाज वाटायची, तरी हळहळ थांबायची नाही. फक्त आप्पांच्या शेताखाली, कालव्याच्या पाझरावर थोडं गवत तग धरून होतं. तिथं अंडी मिळाली.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाला मी तिथं बसलेली असताना शालन खडी फोडायच्या कामावरून परतत होती. दुष्काळी कामाला तेव्हा थोरामोठ्यांच्या सुनाही जात. तिला पाचवा महिना होता. डोक्यावरची पाटी उतरवून ती माझ्याजवळ टेकली.

“आज दावा की बाई, आत काय असतंय ते.”

मी काचेच्या वाटीत मिठाचं पाणी घेतलं, पाझराच्या ओलीनं वाढू लागलेलं एक अंडं सुईनं उकललं आणि तिच्या हातात भिंग दिलं. ती बराच वेळ बघत राहिली.

“ह्ये दोन काळं ठिपकं?”

“डोळे होणार आहेत.”

“आन् मेंदू?”

मी तिला मोठ्या पेशीचं आणि लहान पेशीचं सांगितलं. तिनं भिंग खाली ठेवलं. “म्हंजी एकाच पोटच्या दोघी. येक आईच ऱ्हाती आन् दुसरीचा मेंदू हुतो. ह्ये ठरवतं कोन?”

“तेच शोधतेय.”

“घावलं की मला सांगा,” ती म्हणाली आणि पाटी उचलून गेली. विहिरीवरून गोदाबाई आमच्याकडं बघत होत्या.

ती बाळंत झाल्याचं मला आप्पांकडून कळलं. पावसाळा लागला होता. मी दौंडला घरी होते आणि आप्पा आमच्या दारात उभे होते, चपला हातात घेऊन. आईनं पाणी दिलं. त्यांनी ते तांब्यानं घेतलं आणि प्यायले. आमच्या घरात त्यांच्यासारख्या माणसाला पाणी पिताना मी पहिल्यांदा बघत होते, पण त्यांचं त्याकडं लक्ष नव्हतं.

“पोरगी झाली, बाई. डोक्याला वरची बाजूच न्हाई. कपाळाच्या वर निसतं लाल. दवाखान्यात दुपारपातूर जगली.” त्यांनी तांब्या खाली ठेवला. “घरातली म्हनत्यात, बाईनं पोटुशी बाईला किड्याचं डोकं उकलून दावलं, त्येची सावली पडली. तुम्ही मेंदू कसा हुतो त्येच बघता न्हवं? मंग घरी येऊन सांगा येकदा. शालनला माहेरी धाडायचं म्हनत्यात. माझं कुनी ऐकंना.”

आईनं मला मागं ओढून सांगितलं, जाऊ नको. त्यांच्या घरात काही झालं तर आपल्यावरच यायचं. तरी मी आप्पांबरोबर गेले.

त्या दिवशी मला पहिल्यांदा घरात घेतलं. सोप्यात दिनकर भिंतीला टेकून बसला होता, गोदाबाई उंबऱ्याशी. शालन आतल्या खोलीत होती. दार उघडं होतं आणि तिचे पाय तेवढे दिसत होते.

असलं बाळ का जन्मतं हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. मी बघत होते त्या पेशींचा तो दोष नव्हे, त्याच्या कितीतरी आधी घडणारी गोष्ट आहे. ती मी त्यांना सांगितली. गर्भ राहिल्यावर पहिल्याच महिन्यात बाळाच्या पाठीवर एक सपाट पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात आणि करंजीची कड मिटावी तशा एकमेकींना चिकटतात. त्यातूनच मेंदू आणि पाठीच्या कण्यातली मज्जा बनते. या बाळाची डोक्याकडची कड मिटली नाही. हे सगळं इतक्या लवकर होतं, की बाईला आपल्याला दिवस गेलेत याचीही नीट खात्री नसते.

“मी तिला अंडं दाखवलं तेव्हा पाचवा महिना होता,” मी म्हणाले. “कड मिटायची राहिली ती त्याच्या किती आधी. किड्याचा काही संबंध नाही आणि शालनचाही काही दोष नाही.”

आप्पांनी मान हलवली. त्यांना पटलं होतं असं मला वाटलं.

गोदाबाई म्हणाल्या, “मंग का न्हाई मिटली?”

“ते माहीत नाही.”

“कुनालाच?”

“आज तरी कुणालाच नाही.”

“कशानं झालं त्ये माहीत न्हाई म्हनतीस,” त्या म्हणाल्या, “मंग किड्यानं न्हाई झालं, ह्ये कशावरनं?”

मी पुन्हा पाचव्या महिन्याचं सांगितलं. नंतर घडलेलं आधी घडलेल्याला कारण कसं होईल, असंही म्हणाले. वर्गात हा मुद्दा बिनतोड ठरला असता. इथं मला माझाच आवाज वकिलासारखा ऐकू यायला लागला. माझ्याकडं ‘हे नाही’ होतं, ‘हे आहे’ नव्हतं, आणि मेलेल्या पोरीच्या घरात नुसतं ‘हे नाही’ घेऊन मी बसले होते.

शेवटी दिनकर बोलला. तो काही आडदांड नव्हता, दमलेला होता. “तुमचं समदं बरूबर असंल, बाई. पर आमाला लेकरू पायजे. तिच्या पोटी पुन्ना असंच न्हाई व्हनार, ह्ये लिहून देता का?”

मला ते देता येत नव्हतं. असं बाळ एकदा झालेल्या बाईला पुन्हा होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हेही त्याच पुस्तकात होतं. त्यानं सरळ विचारलं होतं आणि मी मान हलवून नाही म्हणाले.

आतल्या खोलीतले पाय मागं घेतले गेले.

शालनला कासुर्डीला पोचवलं. दिनकरनं पुढच्या उन्हाळ्यात दुसरं लग्न केलं, आणि त्या बाईला धडधाकट मुलगा झाला. एकदा यवतच्या स्टँडवर गोदाबाईंची गाठ पडली. काखेत नातू होता. “बघा,” एवढंच त्या म्हणाल्या. त्यांना पुरावा मिळाला होता. एका निरोगी बाळानं काहीच सिद्ध होत नाही, हे मी कुणाला सांगणार होते? त्यांच्या बांधावर अर्थातच मी पुन्हा गेले नाही. पाऊस परतल्यावर नाकतोडे वाढले, मग गावोगाव पावडर मारली गेली. मी शिरूरजवळ घोडनदीच्या काठानं नवी जागा शोधून काढली.

शालनला भेटायला मी कासुर्डीला गेले होते. ती भावाच्या घरी राहत होती आणि रोजानं कांदा काढायला जात होती. माझ्यामुळं बोल लागला म्हणून ती तोंड फिरवेल, ही तयारी ठेवूनच मी गेले. तिनं वेगळंच काढलं.

“बाई, मला पुन्ना दावा. त्या दिशी निसतं पांढरं दिसलं. तुम्ही म्हनता त्या दोघी कुठं दिसल्या?”

“त्या भिंगानं दिसत नाहीत. शिरूरला यावं लागेल.”

“येते की.”

ती खरंच आली, भावाबरोबर, दोन एसटी बदलून. आमचे प्रमुख त्या दिवशी पुण्याला गेले होते ते बरंच झालं. भाऊ बाहेर लिंबाखाली बसला. मी सकाळीच एक थेंब लावून ठेवला होता. पातळ काचेला मिठाच्या पाण्याचा थेंब उलटा लोंबता, आणि त्यात मोकळी केलेली एकच मोठी पेशी. शालनला सूक्ष्मदर्शकाच्या नळीपुढं स्टुलावर बसवून एक डोळा मिटायला शिकवलं.

“गोल हाय,” ती म्हणाली. “मधी दोरं हैत.”

ते गुणसूत्रांचे दोर होते. पेशी विभागायच्या बेतात होती. मी म्हणाले, आता हलू नको, टेबलाला धक्का लावू नको, याला वेळ लागतो. ती दुपारभर तशीच बसली. मध्ये मी डबा खायला सांगितला तर नको म्हणाली. दोर मधोमध रांगेत आले, मग दोन बाजूंना ओढले गेले. शेवटी पेशीच्या एका कडेला कमर आवळावी तशी खाच पडली. मधोमध नाही, एका कडेला. एक लहानसा फुगवटा सुटून निघाला आणि मोठीला चिकटून राहिला.

“झाल्या,” शालन म्हणाली. “दोघी झाल्या.”

मी नळीत डोकावले. शेजारपाजार काही नसताना ती एकटी पेशी वाकडीच विभागली होती. हे मी आधीही काही वेळा पाहिलं होतं, पण इतकं स्वच्छ कधी नाही.

शालननं पुन्हा डोळा लावला. तसाच ठेवून तिनं विचारलं, “माझ्या पोरीतबी असंच चालू हुतं?”

“माणसात अगदी असंच असतं का, ते अजून नीट माहीत नाही. पण पेशी विभागत होत्या. मज्जापेशी होत होत्या. वरचं सोडून खालचं सगळं बनत होतं.”

“हात हालवत हुती ती,” शालन म्हणाली. “नर्सनं कापडात गुंडाळलं तवा माझं बोट धरलं हुतं. त्ये कुनालाच खरं वाटत न्हाई. डोकंच न्हाई तर धरल कशी, म्हनत्यात.”

“खरं आहे ते. त्याला वरचा मेंदू लागत नाही. पाठीच्या कण्यातल्या मज्जापेशी ते करतात.”

“म्हंजी त्येंनी त्येंचं काम केलं.”

“हो.”

ती तशीच वाकून राहिली. तिचे खांदे हलत होते, पण तिनं नळीवरून डोळा काढला नाही. मी खिडकीचा पडदा ओढायला गेले आणि मग लक्षात आलं की उजेड तिथूनच येतोय. तशीच उभी राहिले. बाहेरून भावानं गाडीची वेळ झाल्याची हाक दिली.

माझं संशोधन पुढं लिहून झालं. एकटी पेशीही वाकडीच विभागते, तेव्हा निदान हा निर्णय तिच्या आतलाच असावा, असं मी मांडलं. पीएचडीच्या माझ्या पुण्याच्या मार्गदर्शकांनी ते वाचलं आणि कपाटातून परदेशी नियतकालिकाचा एक जुना अंक काढून माझ्यापुढं ठेवला. तिकडं कुणीतरी हे आधीच पाहिलं होतं, माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या चित्रांसह. मी खोटी ठरले नव्हते, उशिरा पोचले होते. पदवी मिळाली. पेशीच्या पोटात एका बाजूला गोळा होणारं ते नेमकं काय, हेही पुढं इतरांनीच शोधलं. ते वाचताना आनंद झाला, खोटं कशाला बोलू, आणि हेवाही वाटला.

निवृत्ती जवळ आली तेव्हा असंच एकदा पुण्याच्या ग्रंथालयात दुसरंच काही शोधताना एक लेख हाती लागला. अशा बाळांच्या कितीतरी आयांत एका जीवनसत्त्वाची कमतरता आढळते, पालेभाज्यांतून मिळणाऱ्या. गर्भ राहण्याच्या सुमारालाच ते पोटात असावं लागतं. सगळ्याच वेळी हे कारण नसतं, पण बऱ्याचदा असतं. मी तो लेख तिथंच दोनदा वाचला. त्या दुष्काळात खुटबावच्या शिवारात पालेभाजी म्हणून काय होतं, हे मला आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी मी कासुर्डीला गेले. शालन भावाच्याच घरी होती. केस पांढरे झाले होते, अंगणात ती शेंगा फोडत होती. तिनं मला लगेच ओळखलं. मी उभ्यानंच सांगायला लागले, जणू उशीर झाला तर ते खोटं ठरणार होतं. तू काही केलं नव्हतंस. किडा नाही, सावली नाही. बहुतेक त्या वर्षी पोटात भाजीपाला गेला नाही, त्यानं कड मिटली नाही. आता गोळ्या निघाल्यात त्याच्या.

तिनं शेंगा फोडणं थांबवलं.

“आत्याबाई गेल्या,” ती म्हणाली. “आप्पा तर कवाच गेले. ह्येबी गेल्या साली गेले. आता ह्ये कुनाला सांगू, बाई?”

मी ओट्यावर टेकले. तिनं आतून पाणी आणलं आणि माझ्या हातात दिलं. मग समोर बसली.

“पर त्या साली भाजी कुनाच्या घरात हुती?” तिनं विचारलं. “खडीवर माझ्यासंगं आनखी पोटुश्या बाया हुत्या. समद्यांनी कामावर वाटलेली सुकडीच खाल्ली. त्येंची लेकरं नीट झाली. मंग माझ्याच पोरीचं का?”

ती भांडत नव्हती. तिला खरंच हवं होतं ते उत्तर. एकाच कामावर राबलेल्या, तेच खाल्लेल्या बायांतून एकीच्याच वाट्याला ते का यावं, याबद्दल त्या लेखात अंदाज होते, उत्तर नव्हतं.

“माहीत नाही, शालन,” मी म्हणाले.

तिनं मान हलवली. “आसू द्या. उन्हाचं आलायसा, जेवून जा.”

मी जेवले. तिनं पुन्हा विचारलं नाही.